पाव आटा

"बाई, बंदुकीत काही खोट नाही. हात गेला तुमचा."

असं रायफल क्लबचे मास्तर म्हणाले होते. दोन वर्षांपूर्वी, भर रेंजवर, आठ माणसांसमोर. बाई म्हणजे फिटरची बायको. तिने तेव्हा रायफल पुसली, पेटीत ठेवली, पेटी क्लबच्या कपाटात लावली आणि पुन्हा रेंजवर पाऊल टाकलं नाही. आता तर ती नव्हतीच. तिला जाऊन चार महिने झाले होते. मास्तर मात्र होते. दर रविवारी गळ्यात शिट्टी अडकवून त्याच प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसत होते, त्याच आवाजात लोकांची कोपरं सरळ करत होते, आणि फिटरला ते बघवत नव्हतं.

फिटरने चाळीस वर्षं एका कारखान्यात मशिनी जुळवल्या होत्या. निवृत्त झाला तरी गल्लीत, बँकेत, दवाखान्यात सगळे त्याला फिटरच म्हणायचे. कारखान्यात आणखी एक नाव होतं, पाव आटा. आटा म्हणजे स्क्रूचा एक फेरा. स्क्रू घट्ट बसला की बाकीचे हात काढून घेत. हा दात आवळून त्यावर आणखी पाव फेरा द्यायचा. "ढिलं ते हललं, हललं ते बिघडलं," असं म्हणायचा. बायको हसायची. "पाव काय, आटा काय. कारखान्यात जाता की बेकरीत?"

नेमबाजीशी त्याचा काही संबंध नव्हता. तो नाद बायकोचा. तिची धाकटी बहीण क्लबात जायची, तिने एकदा ओढून नेलं, आणि बावन्नाव्या वर्षी ही बाई पोटावर पालथी पडून पन्नास मीटरवरच्या कागदाला भोकं पाडायला लागली. लोकांचे कपडे शिवणारी बाई. नजर आणि हात दोन्ही तयार होते. तिने जुनी, कोणीतरी वापरलेली पॉइंट टू टूची रायफल घेतली. करंगळीच्या पेराएवढ्या काडतुसाची, लाकडी दस्त्याची, क्लबातली सगळ्यांत स्वस्त. तिच्यावर तीन वर्षांत क्लबच्या चौघांच्या संघात जागा मिळवली. मग एका निवडीच्या सामन्याला तिच्या गोळ्या बशीभर पसरल्या, आणि मास्तर ते वाक्य बोलले.

एवढंच असतं तर फिटरने चार शिव्या घालून सोडून दिलं असतं. पण गेल्या वर्षी तिच्या हातातून कप पडायला लागले. मेंदूत गाठ निघाली. डॉक्टरांनी फोटो दिव्यासमोर धरले आणि विचारलं, "हात कधीपासून थरथरतोय?"

"महिना झाला असेल," फिटर म्हणाला.

"त्याच्या आधी? वर्ष, दोन वर्षं? नीट आठवा. आधी लक्षात आलं असतं तर..."

डॉक्टरांनी ते वाक्य तिथंच सोडलं, कारण दारात दुसरा पेशंट उभा होता. ते अर्धं वाक्य फिटर घरी घेऊन आला. मास्तर खरे असतील तर हात दोन वर्षांपूर्वीच गेला होता. आठ परक्या माणसांना तो दिसला, आणि एका ताटात जेवणाऱ्या नवऱ्याला दिसला नाही. मास्तर खोटे असतील तर बंदूक खराब होती, हात ठीक होता, आणि दिसण्यासारखं काही नव्हतंच. तो आठवत बसायचा. सुईत दोरा ओवायला तिने कधी हाक मारली होती का? मारली होती, दोनदा. तेव्हा चष्मा नव्हता की हात थरथरत होता? हे काही केल्या आठवत नव्हतं. आणि आठवत नाही म्हणून तो मास्तरांवर आणखी चिडायचा.

अशात क्लबचं पत्र आलं. परवानाधारक मयत. रायफल महिनाभरात कोणा सभासदाच्या नावावर करा, नाहीतर जमा करण्यात येईल. म्हणजे चार रविवार.

फिटर पत्र घेऊन मेहुणीकडे गेला. ती एका शाळेत प्रयोगशाळा सांभाळायची. काचेच्या नळ्या धुऊन धुऊन तिच्या जिभेलाही धार आली होती.

"द्या ना जमा करून, भावोजी," ती म्हणाली. "तुम्ही काय करणार तिचं? पडदे टांगणार?"

"मला बघायचंय ती बंदूक खराब आहे का."

"आणि असली तर?"

"तर त्या माणसाला आठ जणांसमोर शब्द गिळायला लावीन."

मेहुणीने पत्राची घडी घातली. "ताईने नसतं हो केलं असं काही."

"ताई तुझी शहाणी होती. मी नाही."

पहिल्या रविवारी दोघं रेंजवर गेले. रायफल क्लबच्या बाहेर न्यायला आता बंदी होती, म्हणून मेहुणीने वहीत सही करून ती कपाटातून काढली. फिटरने जुन्या पँटचा एक पाय कापून, त्यात वाळू भरून, दोन्ही तोंडं बायकोच्या मशिनवर शिवून आणली होती. बंदूक त्यावर टेकवून मारली की हाताचा दोष कमी आणि बंदुकीचा जास्त दिसतो, एवढं त्याला माहीत होतं.

"ही शिवण ताईने बघितली असती तर तुम्हाला घराबाहेर काढलं असतं," मेहुणी म्हणाली आणि आडवी झाली. तिने शांतपणे पाच गोळ्या मारल्या. कागद आणला. दोन भोकं शेजारी शेजारी, एक वर, एक डावीकडे, एक तर पार कडेला. तीच बशी.

फिटर कागद घेऊन तडक मास्तरांपुढे उभा राहिला. "हे बघा. हिचा हात तर गेलेला नाही ना?"

मास्तरांनी कागद दुरूनच पाहिला. उंच, कोरडा माणूस. कोणाचंही ऐकताना नजर रेंजवरच ठेवायचा. "दोन वर्षं पेटीत पडलेली बंदूक आहे, फिटर. नळीत गंज चढला असेल. आज वाईट मारते म्हणून तेव्हाही वाईट मारत होती, हे कसं ठरतं?"

"तेव्हा तुम्ही बघितली होती?"

"बघितली होती. चांगली होती."

"उघडून?"

"तीस वर्षं बंदुका बघतोय. मला उघडावी लागत नाही."

शेजारी औषधाचं दुकान चालवणारा एक सभासद उभा होता. तो भला माणूस, सगळ्यांना फुकट सल्ला द्यायचा. "नवी नळीच बसवून घ्या ना. ट्रिगरही बदला. माझ्या ओळखीचा दुकानदार आहे, किंमत कमी करून देईल."

"मला बंदूक नवी करायची नाही," फिटर म्हणाला. "जुनी का बिघडली ते बघायचंय."

घरी जाताना तो इतक्या जोरात चालला की मेहुणी मागे राहिली. मास्तर बरोबर बोलले होते, आणि त्याचाच त्याला संताप आला होता. बंदूक वाईट आहे, एवढं दाखवून भागणार नव्हतं. ती कशामुळे वाईट आहे आणि केव्हापासून, ते दाखवायला हवं होतं.

कारखान्यात तो हेच करत आला होता. मशिन खोटं बोलायला लागलं की एकेक भाग घ्यायचा आणि विचारायचा, तू आहेस का? नाही? बाजूला हो. त्याच पद्धतीने तो रायफलीमागे लागला.

आधी गंज. कपाटाच्या खोलीतल्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून त्याने नळीतून चिंधी ओढली. चिंधी बाहेर आली ती स्वच्छ, तेलाचा पुसट डाग तेवढा. पुन्हा ओढली, पुन्हा तेच. त्याने ती चिंधी मेहुणीच्या नाकासमोर धरली.

"गंज म्हणे. बघ. सगळ्यांसमोर अपमान करून घेतला, संघातून नाव गेलं, आणि तरी जाताना नळीत तेल फिरवून गेली. आणि हा माणूस म्हणतो गंज."

"ओरडू नका, खोली लहान आहे."

मग नळीचं तोंड. तिथं बारीक चरा असला तरी गोळी तिरकी निघते. त्याने कापसाची काडी कडेवरून गोल फिरवली. चरा असता तर धागा अडकला असता. एक धागा अडकला नाही. मग बंदुकीवरच्या दुर्बिणीचे स्क्रू. ठीक होते. मग कागदाची पट्टी नळी आणि लाकूड यांच्या फटीत घालून मागेपर्यंत सरकवली. नळी लाकडाला कुठे घासत असेल तर पट्टी अडते. अडली नाही.

दुसऱ्या रविवारी काडतुसं. ह्या बारीक काडतुसांच्या बंदुका जिभेच्या लाडावलेल्या असतात. एकीला जे चालतं ते दुसरी थुंकते, आणि महाग आहे म्हणून आवडेल असंही नाही. फिटरने चार कंपन्यांची एकेक लहान डबी आणली. घरी कारखान्यातला जुना मायक्रोमीटर होता, त्यावर प्रत्येक काडतुसाच्या बुडाच्या कडेची जाडी मोजली आणि सारखी सारखी वेगळी काढली. बाकी काही नको, डोळे आणि एक दुपार लागते. मेहुणीने चारही जातींच्या पाच-पाच मारल्या. सगळ्यांत महाग डबीने सगळ्यांत वाईट मारलं. मधल्या एकीने बशीची वाटी केली.

"सुधारली की," मेहुणी म्हणाली.

"वाटी आहे. वाटीने काय होतंय? आणि हे एक भोक बघ कुठे गेलंय." दर पाचांत एक गोळी पळून जातच होती. "एक जण तरी खोटं बोलतोय हिच्यात."

मास्तर पाठीमागून चालत गेले. थांबले नाहीत. "मेहनत चांगली आहे," एवढं म्हणाले.

घरी येऊन फिटरने नळ इतक्या जोरात बंद केला की वायसर फाटला आणि संध्याकाळभर मोरीत बसून तो बदलत राहिला.

तिसऱ्या रविवारी येताना त्याने डायल आणला. डायल म्हणजे घड्याळासारख्या तोंडाचं एक मोजमापाचं यंत्र. त्याचा काटा मिलिमीटरचा शंभरावा भागसुद्धा दाखवतो. आदल्या दिवशी मोरीतला नळ बघताना त्याला सुचलं होतं. एखादी वस्तू आवळून वाकडी बसवली असेल तर ती आवळलेली असेपर्यंत कळत नाही. सोडली की उसळते.

रायफलीचा लोखंडी भाग दोन स्क्रूंनी लाकडात धरलेला असतो. त्याने डायल नळीला चिमट्याने धरला, टोक लाकडावर टेकवलं, काटा शून्यावर आणला. "तू काट्याकडे बघ," तो मेहुणीला म्हणाला. "मी पुढचा स्क्रू सोडतो. काटा जागचा हलता कामा नये. दोन-चार घरं चालतील."

त्याने स्क्रू सोडायला सुरुवात केली. तो सहजासहजी सुटेना. मनगट दुखलं. मग एकदम सुटला.

"हलला," मेहुणी म्हणाली. "हललाच नाही, पळाला. अठ्ठावीस घरं."

"परत बघ."

"अठ्ठावीस, भावोजी. मला आकडे वाचता येतात."

फिटरने टेबलावर मूठ मारली. सापडलं होतं. स्क्रू इतका आवळला होता की लाकूड खाली दबलं होतं आणि त्यावरचं लोखंड कमानीसारखं ताणून बसलं होतं. दर गोळीला ते जरासं उसळायचं आणि प्रत्येक वेळी वेगळ्या जागी बसायचं. अशा बंदुकीवर देवाचाही हात असता तरी गोळी पळाली असती. चार महिन्यांत पहिल्यांदा त्याच्या छातीवरचं ओझं हललं. त्याने स्क्रू पूर्ण काढला, तळहातावर घेतला आणि उजेडात धरला.

स्क्रूच्या डोक्यावरच्या खाचेत एका बाजूला लोखंड उचललेलं होतं. नखाच्या अर्ध्या चंद्राएवढं.

दुसऱ्या कोणाला ते दिसलं नसतं. दिसलं असतं तरी त्याचा अर्थ लागला नसता. फिटरला तो लागला. त्याच्याकडे एक स्क्रू ड्रायव्हर होता, घरीदारी कायम खिशात असायचा, त्याचा डावा कोपरा तुटला होता. त्याने तो स्वतः सहाणेवर घासून सरळ केला होता, पण कोपरा जरा आखूडच राहिला. त्यामुळे तो ज्या खाचेत बसायचा तिथे जोर लावला की एका बाजूला असाच अर्धा चंद्र उठवायचा. चाळीस वर्षांत त्याने हजारो स्क्रूंवर तो पाहिला होता. निवृत्त झाला त्या दिवशी तो स्क्रू ड्रायव्हर इतर हत्यारांबरोबर कारखान्यात जमा केला. आणि निवृत्त झाला तो बायकोच्या त्या सामन्याच्याच महिन्यात.

मग सगळं आठवलं. सामन्याच्या आधीचा रविवार. तेव्हा रायफल घरी आणायला परवानगी होती. जेवायच्या टेबलावर वर्तमानपत्र, त्यावर रायफल, आणि ती म्हणतेय, "अहो, हे स्क्रू जरा बघता का?" त्याने बघितले. घट्ट होते. तरी त्याने दात आवळले.

"काय झालं?" मेहुणीने विचारलं. "तोंडाचा रंग उडालाय."

"काही नाही."

"स्क्रूत काय आहे?"

"काही नाही म्हटलं ना. ठेव ते सगळं आत."

तो आठवडाभर भांडत राहिला. वाण्याशी वजनावरून भांडला, शेजाऱ्याशी पाण्यावरून, बँकेतल्या मुलीशी पेनावरून. घरात भांडायला कोणी नव्हतं म्हणून बाहेर भांडला. आणि आतल्या आत सगळ्यांत मोठं भांडण स्वतःशी चाललं होतं. स्क्रू बदलून टाकला की झालं. नवा स्क्रू कुठेही मिळतो. रायफल नीट मारायला लागेल, कोण बिघडवली ते कोणाला कळणार नाही. पण मग मास्तर म्हणतील, बरं झालं, दुरुस्त झाली. केव्हा बिघडली होती कोणास ठाऊक. बंदूक त्या सामन्याच्या आधीच बिघडली होती ह्याला जगात एकच पुरावा होता, तो नखाएवढा अर्धा चंद्र. तो दाखवला तर बायको सुटत होती आणि स्वतः अडकत होता. लपवला तर स्वतः सुटत होता आणि ती कायमची हात गेलेली बाई राहत होती.

गुरुवारी मेहुणीकडून क्लबाची किल्ली मागून घेऊन तिच्याबरोबर गेला आणि मुकाट्याने काम केलं. दबलेल्या लाकडातला भुगा खरवडून काढला. लोखंडाला बुटाचं काळं पॉलिश फासलं, म्हणजे गोंद त्याला धरत नाही. मग दोन ट्यूब मिसळून करायचा कडक गोंद त्या खड्ड्यात भरला, लोखंड त्यावर हलकेच टेकवलं आणि नुसत्या वजनावर सुकू दिलं. सुकल्यावर तिथे लोखंडाच्या मापाची बैठक तयार झाली. नवा स्क्रू लावताना त्याने स्क्रू ड्रायव्हर फक्त दोन बोटांत धरला. टेकल्याचं बोटांना कळलं तिथे थांबला. थांबायला फार त्रास झाला. डायल लावून स्क्रू सोडून पाहिला. काटा दोन घरं हलला.

"एवढंसं काम," मेहुणी म्हणाली. "आणि तो औषधवाला नवी नळी घ्या म्हणत होता."

फिटरने जुना स्क्रू रुमालात बांधून खिशात टाकला.

चौथ्या रविवारी रेंज भरलेली होती. आठ नव्हे, अकरा माणसं. मेहुणीने वाळूच्या पिशवीवर पाच गोळ्या मारल्या, मधल्या डबीतल्या. कागद आला. पाच भोकांचं एकच भोक झालं होतं, कडा चावल्यासारख्या. औषधवाल्याने खिशातलं नाणं काढून त्यावर ठेवलं. भोक झाकलं गेलं.

"वा," तो म्हणाला. "नळी कुठून घेतली?"

फिटर मास्तरांच्या खुर्चीसमोर गेला. बाकीच्यांनी बंदुका खाली ठेवल्या, कारण त्याचं तोंड बघूनच कळत होतं.

मास्तर कागद बघून म्हणाले, "छान. गंज काढलात."

"गंज नव्हता. हा स्क्रू बघा." त्याने जुना स्क्रू त्यांच्या हातात दिला, रायफलीत त्याने दुसरा लावला होता. "हा प्रमाणाबाहेर आवळलेला होता. त्याने बंदूक वाकली होती. तुमच्या त्या सामन्याच्या आठ दिवस आधी वाकली होती."

"आठ दिवस आधीच कशावरून?"

"खाचेत खूण आहे. ती माझ्या स्क्रू ड्रायव्हरची आहे. तो मी त्याच महिन्यात कारखान्यात जमा केला. त्यानंतर माझ्या हातात तो आला नाही."

मास्तरांना समजायला थोडा वेळ लागला. मागे कोणीतरी नाकातून हसलं.

"म्हणजे," मास्तर म्हणाले, "तुम्हीच बिघडवलीत."

"मीच बिघडवली."

"मग माझ्याशी कसलं भांडण, फिटर?"

"स्क्रू मी आवळला. हात गेला असं मी म्हटलं नाही. ते तुम्ही म्हटलंत. तीस वर्षं बंदुका बघणाऱ्या माणसाने एकदा दोन स्क्रू सोडून बघितले असते तर दहा मिनिटांत कळलं असतं. तुम्ही उघडली नाही. तुम्हाला बंदुकीपेक्षा बाईच्या हातात खोट काढणं सोपं वाटलं. हात ठीक होता तिचा. ते आता सांगा."

मास्तर स्क्रूकडे बघत होते. शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळत होते. मग खाली बघूनच म्हणाले, "उघडून बघायला हवी होती."

"ऐकू नाही आलं ह्यांना."

"फिटर, पुरे."

"पुरे नाही. तेव्हा सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला होतात."

मास्तर उठून उभे राहिले. उभे राहिल्यावर ते एकदम म्हातारे दिसले. "बाईंचा हात ठीक होता," ते मोठ्याने म्हणाले. "मी बंदूक न बघता बोललो. माझं चुकलं." आणि स्क्रू फिटरला परत देऊन पाणी प्यायला निघून गेले.

महिनाभर फिटर ह्या क्षणाची वाट बघत होता. तो आला आणि गेला, आणि राग तिळभरसुद्धा कमी झाला नाही. उलट आता त्याला जायला जागाच राहिली नव्हती.

रायफल कपाटात लावून दोघं बसथांब्यावर आले. मेहुणी बाकावर बसल्यावर म्हणाली, "तुम्हाला गेल्या रविवारीच कळलं होतं."

"हो."

"मला सांगितलं नाहीत."

"तोंड कुठे होतं?"

ती रस्त्याकडे बघत राहिली. "ताईला कळलं नसेल का हो? तिची बंदूक होती. डोळे मिटून तिचा खिळा न खिळा ओळखायची."

फिटरला ह्याच प्रश्नाची भीती वाटत होती. त्याने खिशातला स्क्रू काढून बोटांत फिरवला. मग सांगायला लागला, आणि सांगताना त्याचा आवाज चढत गेला. "कळलं होतं तिला. सामन्याच्या दोन दिवस आधी सरावाहून आली. मी जेवत होतो. म्हणाली, 'अहो, जरा जास्तच आवळलं गेलंय का?' मी मान वर केली नाही. म्हटलं, 'घट्ट कधी जास्त नसतं.'"

"मग?"

"मग काही नाही. भात वाढला. झालं."

"पुन्हा नाही विचारलं?"

"नाही विचारलं. त्याचाच राग येतो मला. एकदाच विचारलं. बत्तीस वर्षं राहिली माझ्याबरोबर, तिला माहीत नव्हतं मी कसा आहे? एकदा सांगून ऐकणारा माणूस मी कधी होतो? डोक्यात घागर घालायची होती माझ्या. स्वतः स्क्रू सोडायचा होता. माझा मान ठेवला म्हणे. कोणी मागितला होता मान? सगळ्यांसमोर हात गेला म्हणून ऐकून घेतलं, घरी आली, आणि मला म्हणाली काय, तर 'आता रविवारी मी घरीच आहे, चांगलं झालं.' आणि मला खरंच वाटलं, चांगलं झालं."

थांब्यावरची दोन माणसं त्याच्याकडे बघायला लागली. त्याचं लक्ष नव्हतं.

"भावोजी," मेहुणी म्हणाली, "तिने दहादा सांगितलं असतं तर ऐकलं असतंत?"

फिटरने विचार केला. खोटं बोलायचं मनात आलं, पण दिवसभराचं खरं बोलून तोंडाला तीच सवय लागली होती. "नसतं ऐकलं."

"मग तिच्यावर कशाला ओरडताय?"

"मग कोणावर ओरडू?"

मेहुणीने पर्स उघडली, रुमाल काढला, नाक पुसलं, पर्स बंद केली. "उद्या क्लबात या," ती म्हणाली. "फॉर्मवर सही करायची आहे तुम्हाला. रायफल माझ्या नावावर करून घेते."

"तुझी आहे की एक."

"माझी विकीन. ही चांगली मारते."

"चालव."

"पण तुम्ही तिच्या स्क्रूला हात लावायचा नाही."

"नाही लावणार."

"बिघडली तर मी विचारीन तुम्हाला. फक्त विचारीन."

बस वळणावर दिसली. फिटर उठला, तिच्यासाठी हात दाखवून बस थांबवली, आणि ती पायरीवर चढत असताना मागून, सगळ्या बसला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "एकदा विचारून गप्प बसू नकोस."